मोजणी मीच मागवली

आमचं न्हाणीघर कधी बांधलंच गेलं नाही, आणि याचं सगळं श्रेय माझं आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी शहापुरात कारकून होतो, त्यामुळे आपल्याला कायदा कळतो असा माझा समज होता. सापगावच्या घराला मागच्या अंगानं न्हाणीघर जोडायचं ठरवलं. चुन्यानं पाया आखला, तोच शेजारचे बारकूकाका कुंपणाशी आले. काका माझ्या वडिलांचे जिवलग मित्र. वडील गेल्यावरही रोज सकाळी चहाला आमच्याच ओटीवर असायचे.

“शरद, भिंत हातभर आत घे रे. तुझ्या पागोळ्या माझ्या कुडावर पडतील.”

“माझ्या जागेत मी काय पण बांधीन!” (हातभर सोडूनही आत म्हैस मावली असती! पण कारकुनाला मागं सरायला सांगायचं नसतं.)

“तुझी जागा कुठवर हाय, ठाऊक हाय ना?”

“सरकारलाच विचारू! मोजणी आणतो!”

काकांचा चेहरा उतरला. “मोजणी नको आणू रे,” ते हळूच म्हणाले. म्हातारा घाबरला, असं मी समजलो!

बायको, सुनंदा, म्हणाली, “अवो, घ्या ना आत. एवढं बोलतायत तर.”

“तुला कायद्यातलं काय कळतं?” (हे वाक्य ती अजून विसरलेली नाही.)

दुसऱ्या दिवसापासून काका चहाला यायचे बंद झाले.

मोजणीदार आले तेव्हा अर्धा गाव गोळा झाला. मी कोंबडं कापून त्यांना जेवू घातलं. मग त्यांनी नकाशा पसरला, टेप धरली आणि मोजत मोजत कुंपणापासून माझ्या चुन्याच्या रेघेपर्यंत आले. तिथं थांबलेच नाहीत! सरळ मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरले. सुनंदा भाकऱ्या थापत होती.

“वहिनी, जरा सरका,” म्हणत त्यांनी तिच्यापुढं खडूची रेघ ओढली. “हद्द ही. पलीकडचं शेजाऱ्यांचं.”

“म्हणजे न्हाणीघर त्यांच्या जागेत येतं?” मी विचारलं.

“न्हाणीघर सोडा हो! तुमची चूल त्यांच्या जागेत आहे!”

गाव खो खो हसलं. एकटे काका हसले नाहीत.

“मला ठाऊक व्हतं,” ते म्हणाले. “तुझ्या बापाला घर पुरत नव्हतं, पोरं तुमी चार. मीच बोल्लो, घे माझ्यातली पाच हात जागा. दोस्तीत कागद कशाला?”

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण उभा होतो ती धरणीही काकांचीच!

त्यांच्या दोन्ही मुलांना हे नवीनच होतं. “आमी जागा सोडणार नाय!” दोघं ओरडले. काकांनी दटावलं, “मी हाय तवर एक वीट हलवायची नाय.”

पुढं चार वेळा मी कुंपणापर्यंत माफी मागायला गेलो. दर वेळी काका विचारायचे, “काय रे, जेवलास?” मी “हो” म्हणून परत यायचो. त्या दिवाळीआधीच काका गेले. माफी राहिलीच. (मोजणीचा अर्ज मात्र मी एका दिवसात केला होता!)

तेराव्यानंतर काकांची मुलं मोजणीचा नकाशा घेऊन आली. अर्जदार म्हणून त्यावर माझंच नाव, माझीच सही. चूल हलवली, भिंत पाडली. कुदळ मीच मारली.

आता गावात बांधावरून कुणाची जुंपली की मला आवर्जून बोलावतात. वाटतं, सल्ल्यासाठी असेल. तसं नाही. मला मधोमध उभं करतात आणि भांडणाऱ्यांना सांगतात, “ह्याला बघा, आणि मग काय तो अर्ज करा!”