ब्रेकडान्सचं मूळ आणि माझी मान

ब्रेकडान्सचा उगम मल्लखांबात आहे, असं मी एकदा तेवीस अमेरिकन मुलांना सांगितलं. तेव्हा माझं वय बेचाळीस होतं आणि मी पूर्ण शुद्धीवर होतो.

नव्वदच्या दशकात आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहायचो. आमची लेक संघमित्रा (घरात मित्रा) तेव्हा आठवीत. इतिहासाच्या तासाला प्रत्येकाने कशाच्या तरी उगमावर बोलायचं होतं. कुणी रेल्वे घेतली, कुणी बेसबॉल. हिने ब्रेकडान्स! बाई म्हणाल्या, हा इतिहास नव्हे, ही मजा झाली. मित्रा अडून बसली. शेवटी अट ठरली: पालकांसमोर बोलायचं आणि हाही इतिहासच आहे हे बाईंना पटवायचं. नाही पटलं, तर सगळं पुन्हा, रेल्वेवर. पोरगी तीन आठवडे लायब्ररीत मुक्कामाला होती.

आता आपल्या लोकांची एक सवय. जगात काहीही दिसलं, की ते आधी आपल्याकडे होतं! दर शनिवारी कुणाकडे तरी पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असायचं आणि मसालेभात संपेपर्यंत आम्ही विमान आणि प्लास्टिक सर्जरी परत मिळवलेली असायची. त्या शनिवारी मी मित्राचा विषय काढला, तर पुण्याचे एक गृहस्थ श्रीखंडाची वाटी बाजूला ठेवून म्हणाले, "अहो, डोक्यावर गिरकी म्हणजे आपला मल्लखांबच की." मला ते इतकं पटलं, की घरी पोचेपर्यंत मी स्वतः लहानपणी मल्लखांब केल्याचं मला आठवायला लागलं.

ठरल्या दिवशी वर्गात, मुलांसमोर आणि पालकांसमोर, मित्रा फार छान बोलली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली काळी आणि प्वेर्तो रिकन मुलं, आजूबाजूला जळकी, ओस पडलेली घरं. पार्टीत रेकॉर्ड लावणारा गाण्यातला नुसत्या ड्रमचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा. तो तुकडा म्हणजे 'ब्रेक', आणि त्यावर नाचायचं म्हणून ब्रेकडान्स. त्यात टॅप डान्सची पावलं आली, साल्साचे झोके आले, कुंग फू सिनेमांतल्या लाथाही आल्या. बाई चक्क वहीत लिहून घेत होत्या. मला मात्र एकच काळजी: यादीत भारत कुठाय? मी हात वर केला.

मल्लखांब राहिला, म्हटलं. मित्राने डोळे मिटले. बाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकात आहे? पुस्तक कशाला, मी स्वतः करायचो की! मग करून दाखवाल का, असं त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं.

टाय शर्टात खोचला आणि मित्राने आणलेल्या पुठ्ठ्यावर डोकं टेकवलं. (मल्लखांबाला खांब लागतो, हे मला तेव्हा आठवलं.) पाय वर गेले. खिशातून किल्ल्या, ऑफिसचा बिल्ला आणि बडीशेप या क्रमाने खाली आली. मग मानेत कट्ट झालं आणि मला खाली येता येईना! उलट्या दिसणाऱ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. मला रेल्वे दिसायला लागली.

"अँड धिस इज कॉल्ड अ फ्रीझ," मित्रा शांतपणे म्हणाली. नाचता नाचता एकदम असं गोठून उभं राहायचं असतं, हे तिने नीट समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. मग तिने माझे घोटे धरून मला खाटेसारखं घडी घालून उतरवलं.

परतताना बायको गाडी चालवत होती. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण तोंड दुसरीकडे होत नव्हतं.

"बाबा, तू खरंच मल्लखांब करायचास?" मित्राने मागून विचारलं.

नाही, म्हटलं. नागपूरला आमच्या वस्तीतल्या पोरांना आखाड्यात घेतच नसत.

"मग तुम्ही पोरं काय करायचात?"

मग सांगितलं. माझे वडील, म्हणजे तिचे आजोबा, भीमजयंतीला चौकात जलसा करायचे. दोन कडव्यांच्या मध्ये ते नुसता डफ वाजवायचे, आणि तेवढ्यात आम्ही पोरं मातीत कोलांट्या, गिरक्या, जे जमेल ते करून घ्यायचो. शिकवलं कुणीच नव्हतं. कडवं सुरू झालं, की आजोबा डोळे वटारायचे.

मित्रा मागून दोन सीटांच्या मधे वाकली.

"बाबा, दॅट्स द ब्रेक," ती म्हणाली. "हे का नाही सांगितलंस?"

मल्लखांब भारदस्त वाटला गं. डफाचं काय सांगायचं लोकांना?

"माझा सगळा रिपोर्ट त्यावरच होता. ज्यांना आत घेत नाहीत, ते रस्त्यावर स्वतःचं काहीतरी बनवतात."

बायकोने गाडीचा वेग उगाचच कमी केला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. त्या दिवशी मान वळत नव्हती, हे बरंच झालं.

सोमवारी लेखी निबंध द्यायचा होता. शेवटचा परिच्छेद आजोबांच्या डफावर: ब्रेकडान्सचा उगम म्हणून नव्हे, लांबचा भाऊ म्हणून. बाईंना इतिहास पटला, रेल्वे टळली. आणि संदर्भांच्या यादीत, जाडजूड पुस्तकांच्या खाली, माझं नाव! 'बाबा, गाडीत घेतलेली मुलाखत.' ऊर भरून आला. चष्मा पुसून पुढचा कंस वाचला:

'(साक्षीदाराने आधी खोटं सांगितलेलं असल्यामुळे आजीला फोन करून खात्री केली आहे.)'