दुखणं सोसू न देणारी नसीम आपा

लोह्याच्या बसस्थानकामागच्या गल्लीत नसीम आपाचं मेडिकल होतं. दुखण्याची गोळी मागायला कुणीही गेलं, अगदी पिळदार मिशांचा गडी गेला, तरी आपा गोळ्यांची पट्टी काउंटरवर ठेवायची, तिच्यावर हात ठेवायची आणि विचारायची, "घरात दूध पाजणारी बाई हाय का?" नवखा माणूस गडबडून जायचा. माझे बाबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांची कंबर कायमची दुखरी. ते घरी येऊन कुरकुरायचे, "कंबर माझी, अन् हिला चौकशी बाळंतिणीची." गावात तिची थट्टा व्हायची. आपा ती ऐकून घ्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तेच विचारायची.

उंच, सडपातळ बाई. डोक्यावरची ओढणी सारखी घसरायची आणि ती मनगटानं मागे सारत आपा कात्रीनं गोळ्या कापून द्यायची. नांदेडला फार्मसी शिकून आली आणि वडिलांच्या माघारी दुकानात बसली ती बसलीच. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "अन् दुकान कोण उघडंल?" एकदा मी तिला तिच्या त्या ठरावीक प्रश्नाबद्दल विचारलं होतं. "गोळी एकाच्या नावानं घरात जाते अन् पोटात दुसऱ्याच्याच जाते," ती म्हणाली. "घरोघरी हेच चालून राहिलंय." तेव्हा मला ते अतिच वाटलं होतं.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले. सिझेरियन झालं. दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिली आणि दूध पाजताना ती चालते, हेही आईला समजावलं. पण घरी बाळंतिणीच्या खाटेभोवती भेटायला आलेल्या बायकांचं राज्य असतं. एक म्हणाली, "गोळ्यानं दूध आटतंय." दुसरीनं मान डोलावली. आईनं ती पट्टी उचलून कपाटावर टाकली. इकडे माझे टाके ओढायचे, लेकीला उचलून छातीशी घ्यायचं म्हटलं की पोटातून कळ निघायची. पाजायची वेळ झाली की लेकीच्या आधी मीच रडायला लागायचे. शेवटी आईला बघवेना. तिनं बाबांच्या कंबरेची गोळी मोडून अर्धी मला दिली, आणि मग ती रोजच द्यायला लागली. दवाखान्याच्या गोळीचं तिला भय होतं, पण ही बाबांची गोळी, म्हणजे घरचीच. तिच्यावर शंका घ्यावी असं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही.

माझी कळ थांबली आणि आमची लेक एकदम शहाणी झाली. रडणं नाही, किरकिर नाही. टोपरं-कुंची घेऊन येणाऱ्या बायका कौतुकानं थांबायच्या. "लई गुणाची पोर हाय," म्हणायच्या. इतकी गुणाची, की आईनं मीठ-मोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली. दोन घोट पिऊन ती पेंगायची, माझी छाती दुधानं दगडासारखी व्हायची. आई म्हणायची, "पोट भरलं असंल."

बाबांच्या गोळ्या अर्थातच वेळेआधी संपल्या. ते आपाकडे गेले. आपानं विचारलं, "काका, मागची पट्टी इतक्या लौकर कशी संपली?" बाबांचा सगळा जन्म लोकांच्या थापा पकडण्यात गेला, स्वतःला मात्र थाप मारता येत नव्हती. "पोरीला अर्धी-अर्धी देऊन राहिलेत," ते पुटपुटले. आपानं शटर ओढलं आणि भर उन्हात त्यांच्या पुढं चालत आमच्या घरी आली.

ती थेट आत आली. लेकीजवळ बसली, तिचा तळपाय बोटानं चोळला, कानाची पाळी चोळली. लेकीनं जेमतेम पापणी हलवली.

"कवापासून अशी झोपून राहिली?"

"गुणाची हाय, नसीम," आई अभिमानानं म्हणाली. "काहीच त्रास न्हाई तिचा."

"काकू, ही गुणाची न्हाई. ही गुंगीत हाय. काकाच्या गोळीत ट्रॅमाडॉल हाय, त्याची गुंगी दुधातून हिला चढली. काका, गाडी बघा, नांदेडला जायचंय."

आईनं घाईघाईनं लेकीचं दुपटं उचललं. जीपमध्ये आपानं लेकीला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि सबंध रस्ताभर तळहात तिच्या छातीवर ठेवला. मी विचारलं, "श्वास चालू हाय ना, आपा?" ती म्हणाली, "चालू हाय. मी बघून राहिले. तू रडू नको." असं भय मला आयुष्यात पुन्हा कधी वाटलेलं नाही. बालरोगतज्ज्ञांनी लेकीला दाखल करून घेतलं, नजरेखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती जागी झाली आणि सगळा वॉर्ड गोळा होईल इतक्या जोरात रडली. आई आणि मी एकमेकींना धरून हसलो.

पण आता आईनं दुसरं टोक गाठलं. गोळीही नको आणि माझं दूधही नको, पावडरच्या दुधाचा डबा आणायचा. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून अंगावरचं दूध पुन्हा सुरू करायला सांगितलं होतं, तरी आईचा जीव धजेना. मी तर स्वतःचं दूधच विषारी समजून बसले होते. तेव्हा आपा आईला म्हणाली, "दुधाचा काय गुन्हा हाय, काकू? गोळी चुकली, दूध न्हाई." मग माझ्याकडे वळली. "अन् तू. दुखणं सोसलं म्हणून कुणी इनाम देत न्हाई. तूच कळवळत राहिलीस तर हिला छातीशी घेशील कशी?" तिनं डॉक्टरांना विचारून तीच जुनी पॅरासिटामॉल सुरू केली. त्यानं भागलं नाही तर जेवणानंतर आयबुप्रोफेनही मला चालेल, असं डॉक्टर म्हणाले होते. "पण आपल्या मनानं न्हाई," आपानं बजावलं. "इचारून घ्यायची. लेकीचं पिणं झालं की लगेच घे, म्हंजी पुढच्या वेळेपर्यंत गोळीचा जोर उतरतो."

घरी आल्यावर कळ न येता मी पहिल्यांदा लेकीला पाजलं, तेव्हा आपा खाटेजवळ बसून होती. लेक हावऱ्यासारखी पीत होती. आपानं ओढणीनं आपलं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आवाज ऐक तिचा." त्यानंतर ती दुकान बंद केल्यावर जेवणाआधी आमच्याकडे डोकावल्याशिवाय राहायची नाही.

माझं सासर लातूरला. लोह्याला गेले की आईच्या आधी आपाला भेटायचे. मग तिला कर्करोग झाला, दुकानाला कुलूप लागलं आणि ती नांदेडला भावाकडे राहायला गेली. गेल्या हिवाळ्यात मी आता चौथीत असलेल्या लेकीला घेऊन तिला भेटायला गेले. आपा उशांना टेकून बसली होती. दुपारभर गप्पा मारल्या तिनं. लेकीला पाढे म्हणायला लावले, तेराच्या पाढ्यात अडखळल्यावर खूप हसली. मधूनच चादरीचा काठ मुठीत धरायची, मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. परतीच्या गाडीत बसल्या बसल्या मी आईला फोन केला आणि आपा बरी आहे असं सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली. मी पुन्हा नांदेडला गेले तेव्हा तिची भावजय माझ्याशेजारी बसून म्हणाली, "तुमी भेटायला आल्या त्या दिवशी सकाळची दुखण्याची गोळी घेतलीच न्हाई त्यांनी. मी लई मिनत्या केल्या. म्हन्ल्या, गोळीनं झोप येती. लोह्याची लेक येऊन राहिली, मी झोपलेली दिसले तर पोरगी घाबरंल."

मला आपाचा राग आला आणि रडूही आलं. अजूनही लातूरला दुपारी घर रिकामं असलं की मी मनातल्या मनात तिच्या उशाशी जाते आणि तिला सांगते, आपा, तू गोळी घे आणि झोप. आम्ही दोघी मायलेकी संध्याकाळपर्यंत नुसत्या बसून राहू.