आतोबांनी चोराला दिलेली किल्ली

इंदूर शहरात संशय ही वस्तू कुठे घाऊक भावात मिळत असेल, तर ती आमच्या आतोबांकडे. माझ्या आत्याचे हे यजमान कापडगिरणीच्या फाटकावर पहारेकरी होते. गिरणी बंद पडली, पण त्यांच्यातला पहारेकरी काही निवृत्त झाला नाही. भाजीची पिशवीसुद्धा त्यांनी आत हात घालून पाहिल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नसे. एकदा माझे वडील, म्हणजे आत्याचे सख्खे भाऊ, बेटम्याहून हरभऱ्याचं पोतं घेऊन आले, तर आतोबांनी त्यांना दारातच अडवलं, "किससे मिलना है?" वडील म्हणाले, "माझ्या बहिणीला!" "वो तो ठीक है, पण पोत्यात काय आहे?"

असा हा माणूस चोराला आपणहून किल्ली देऊन बसला. बाजार खुला झाला, गिरण्यांना टाळी लागली आणि गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले, त्या काळातली ही गोष्ट. मुलगी नोकरीसाठी अमेरिकेला गेली म्हणून आतोबा जुन्या इंदुरातल्या एका कॅफेत जाऊन ईमेल शिकले. एके दिवशी इंग्रजीत पत्र आलं, की तुमचं खातं बंद होणार आहे, चालू ठेवायचं असल्यास त्वरित पासवर्ड कळवा. आतोबांनी कळवला, वर आभारही मानले.

लगेच त्यांच्या नावानं सगळ्या नातेवाइकांना पत्रं गेली: लंडनमध्ये अडकलोय, पाकीट मारलं गेलं, ताबडतोब पैसे पाठवा. इंदूरच्या वेशीवरच्या राऊच्या पलीकडे जायला कुरकुरणारा माणूस लंडनमध्ये! आम्ही पोट धरधरून हसलो. मुलीला मात्र वाटलं, बाबा न सांगता लंडनमार्गे आपल्याकडेच निघाले असतील. ती पैसे पाठवायला निघालीसुद्धा होती. पण बाबांनी आपल्याकडे आजवर काही मागितलेलं नाही, हे मनात येऊन तिनं आधी घरी फोन लावला. तो आतोबांनीच उचलला.

आतोबांना ते फार लागलं. "मेरे नाम से किसी का एक पैसा गया, तर मी लोकांना तोंड कसं दाखवू?" कॅफेवाल्याकडून त्यांनी पासवर्ड बदलून घेतला, सायकल काढली आणि एकेका नातेवाइकाचं दार गाठलं. "देखो भिया, पासवर्ड मांगे वो चोर, मग तो कितीही झ्याक इंग्रजी लिहो. घाई करेल तो पक्का चोर. आणि आपल्या माणसानं पैसे मागितले, तर आधी फोन लावून त्याचा आवाज ऐकायचा." लोक हसत, पोह्यांची बशी पुढे करत, पण ऐकतही. कुणाचा पैसा गेला नाही.

पुढे एकदा मी त्यांना छेडलं, "आतोबा, तुम्ही फसलात तरी कसे?"

ते सायकलची साखळी पुसत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अरे, मिल बंद झाली तेव्हा सकाळी ड्युटीवर गेलो, तो फाटकाला ताला. कुणी सांगितलंच नव्हतं. ये आदमी पहले से बता तो रहा था. मला वाटलं, या वेळी आपण वेळेवर उत्तर दिलं, तर बंद नाही होणार."