मंगळवारचा धूर

रामाकोन्याला कन्हान नदीच्या काठी महादेवाचं छोटं देऊळ आहे. नवस फेडायला येणारी माणसं तिथेच पंगत घालतात आणि पंगतीला रोडगे लागतातच. रोडगा म्हणजे जाडसर कणकेचा गोळा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला. फडक्यात घोळून राख झाडायची, फोडायचा, तूप ओतायचं, बाजूला वरण आणि वांग्याची भाजी. खाणारे पुष्कळ असतात. पण कणीक नीट मळणारे आणि निखारा ओळखणारे फार थोडे.

देवकाबाई त्या थोड्यांतली. नवरा गेला तेव्हा तिचा राजू सातवीत होता. कापूस वेचायची मजुरी वर्षाचे तीन महिने मिळायची, बाकीचे नऊ महिने काय करायचं हे सांगायला कोणी आलं नाही. एका सोमवारी ती नदीवर गेली. छिंदवाड्याचं एक कुटुंब अर्धे कच्चे, अर्धे कोळसा झालेले रोडगे घेऊन रडकुंडीला आलेलं तिनं पाहिलं आणि म्हणाली, "सरका, तुमच्यानं नाही होत."

तिच्या धंद्याची सुरुवात झाली ती अशी. पुढची वीस वर्षं नदीवर देवकाबाईशिवाय पंगत उठली नाही. उघडी वाळू, तीन दगडांच्या चुली, एक लांब खड्डा आणि तिचा आवाज. लोक तिला घाबरायचे आणि पुन्हा तिलाच बोलवायचे.

मग दामिनी आली.

दामिनी म्हणजे शेजारच्या गजेंद्रची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तिला कणीक भिजवता येत नव्हती. देवकाबाईनंच शिकवलं, आणि का शिकवलं याचा पश्चात्ताप तिला रोज व्हायचा. हात शिकवला, निखारा शिकवला, रीतही शिकवली. नवसाच्या विस्तवावर पाणी टाकत नाहीत. देवाच्या नावानं पेटवलेला असतो तो. राख ओढून झाकायचा आणि आपल्या मनानं विझू द्यायचा. दामिनी मान हलवून ऐकायची, "हाव काकी, हाव काकी" करायची. सात वर्षांपूर्वी तिनं देवकाबाईच्या जागेपासून वर, चिंचेच्या पलीकडच्या वळणावर, स्वतःचं हॉटेल टाकलं. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, लाल खुर्च्या, हात धुवायला बेसिन आणि बेसिनवर आरसा. नाव 'कन्हान किनारा'. बुकिंग मोबाइलवर.

आरसा देवकाबाईच्या मनाला सर्वांत जास्त लागला. रोडगे खायला आलेल्या माणसाला तोंड कशाला पाहायचं असतं?

तिकडे किती गाड्या थांबल्या हे ती इथूनच मोजायची. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून तर मोठ्या मोठ्या गाड्या येऊ लागल्या. गावातल्या आठ घरच्या बाया दामिनीला गोवऱ्या पुरवायच्या. म्हातारा गुणवंता देवळापाशी नारळ विकायचा, त्यानंही आपली टपरी उचलून दामिनीच्या दाराशी नेऊन ठेवली. आणि राजूची बायको डिंपल, देवकाबाईची सख्खी सून, तीसुद्धा तिथेच कामाला. संध्याकाळी घरी येऊन म्हणायची, "दामिनीताई म्हणतात, वरणात हिंग आधी टाकावं."

"तुया ताईले हिंग कोणी दाखवलं, ते विचार तिले," देवकाबाई म्हणायची.

एकदा डिंपलनं डब्यात तिथला रोडगा आणला. देवकाबाईनं तो कोणी पाहत नसताना खाल्ला. चांगला होता. आतपर्यंत भाजलेला, वरचा पापुद्रा खुसखुशीत. त्या दिवशी ती कोणाशी धड बोलली नाही.

दामिनीनं एक केलं होतं. मंगळवारी हॉटेल बंद ठेवायचं. "मंगळवार तुमचा, काकी," ती पहिल्याच वर्षी घरी येऊन सांगून गेली होती. मंगळवारी येऊन येऊन किती लोक येणार? सारी गर्दी शनिवार, रविवार आणि सोमवारची. तरी मंगळवारची ही सूट जड लागायची देवकाबाईला. भीक घातल्यासारखी. घेतली मात्र तिनं.

तर तो चैतातला मंगळवार. सौंसरच्या शाळेतल्या उर्मिलाबाई आपल्या घरची नऊ माणसं घेऊन आल्या होत्या. कणीक मळून झाली होती, खड्डा पेटला होता. वारा नदीवरून गावाकडे होता. दुपारी बाराच्या सुमाराला उर्मिलाबाई म्हणाल्या, "देवकाबाई, तिकडं चिंचेमागून धूर निघून राहिला."

देवकाबाईनं पाहिलं. पांढरा, जाड धूर. गोवऱ्यांचाच. म्हणजे आता मंगळवारही. शब्द दिलेला, तोही खाल्ला.

"तिचे रोडगे भाजून राहिले असतील," ती म्हणाली. "तुम्ही वांगे चिरा."

"पण हॉटेल तर बंद आहे म्हणतात मंगळवारी."

"ते म्हणण्यापुरतं असते, बाई."

आणि ती वळणाकडे पाठ करून बसली. मुद्दाम. पाऊण तास तिनं तिकडे मान वळवली नाही. पाठ करून गोळे थापले, पाठ करून निखारा पसरला, आणि मनातल्या मनात दामिनीला जे जे सुनावायचं ते सगळं जुळवून ठेवलं. तेलाचा डबा फुटल्याचा आवाज झाला तेव्हाच ती उठली. आता धूर काळा होता आणि चिंचेच्या वर ज्वाळा दिसत होत्या.

दामिनीच्या घरचे सगळे सौंसरला लग्नाला गेले होते. डिंपलही.

लोक धावले. चैतात कन्हान केवढी उरते? वाळूत चाळीस पावलं आत गेल्यावर एक धार. घागरी भरून आणेपर्यंत कूड कोसळले. सौंसरहून आगीचा बंब आला तेव्हा विझवायला गोवऱ्यांची रास तेवढी उरली होती. ती दुसऱ्या दिवसापर्यंत धुमसत राहिली. हॉटेल गेलं, गुणवंताची टपरी गेली, आठ घरच्या बायांनी उन्हाळ्यासाठी रचून ठेवलेल्या गोवऱ्या गेल्या. लाल खुर्च्यांचे गोळे झाले. आरसा तेवढा तडकून का होईना, भिंतीच्या खांबाला लटकत राहिला. देवकाबाईच्या नजरेतून तो सुटला नाही.

कारण शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. सोमवारी संध्याकाळी शेवटची पंगत उठल्यावर विस्तव राखेनं झाकून ठेवला होता, रीतीप्रमाणे. रात्रभर तो आत जिवंत राहिला. सकाळी वारा सुटला, राख उडाली, शेजारीच कूड.

दुसऱ्या दिवशी दामिनीच्या अंगणात गाव लोटलं. कोणी भाजी-भाकर आणली, कोणी चहाची किटली, सरपंच आले, नागपूरहून कोणाचे फोन आले. दामिनी ओट्यावर बसली होती, डोळे सुजलेले, आणि तिच्याभोवती बाया अशा बसल्या होत्या जसं काही तिनं मोठंच काही केलं आहे. देवकाबाई दारात उभी राहिली. तिला आठवलं, अकरा वर्षांपूर्वी पोळ्याच्या आधी पूर आला होता. तिच्या चुली, परात, कढया, दोन पोती कणीक, सगळं कन्हाननं नेलं होतं. तेव्हा कोण आलं होतं भाकर घेऊन? गुणवंता एकटा आला होता, आणि तोही म्हणाला होता, पाण्याजवळ सामान ठेवायचंच कायले?

म्हणजे हिचं जळलं तरी हिचाच थाट. असा विचार आपल्या मनात आला हे देवकाबाईला कळलं, आणि कळूनही तो गेला नाही.

तेवढ्यात गोवऱ्यावाल्या अलकानं तोंड उघडलं. "सोमवारी शेवटी कोण होतं तिथं? डिंपल होती ना? इस्तव नाही पाहून घेत का माणूस घरी जायच्या आधी?"

"एवढं मोठं नुकसान झालं," दुसरी म्हणाली. "आता हिले कोण ठेवीन कामाले?"

डिंपल कोपऱ्यात बसली होती. राजूनं सकाळीच तिला नाही नाही ते सुनावलं होतं. तिनं खाली पाहत एवढंच म्हटलं, "मी राख ओढली होती. नीट ओढली होती." विस्तवावर पाणी टाकत नाहीत हे आपल्याला आणि दामिनीताईला कोणी शिकवलं, हे ती बोलली नाही. सासूकडे तिनं पाहिलंही नाही.

मग दामिनी ओट्यावरून म्हणाली, "डिंपलची काही चूक नाही. वाऱ्याची चूक आहे. तिले कोणी काही म्हणू नका."

एकीनं पदरानं डोळे पुसले. अलका म्हणाली, "मन मोठं आहे बाप्पा हिचं."

आता इथे देवकाबाईला राहवलं नाही, आणि चांगुलपणानं राहवलं नाही असं समजायचं कारण नाही. हॉटेल हिचं, गाड्या हिच्या, रडायला बाया हिच्या, आणि आता सून माझी अन् तिला माफ करायचा मोठेपणाही हिनंच घ्यायचा? तो हक्क तर माझ्या घरचा होता.

"वाऱ्याची नाही," ती दारातूनच म्हणाली. "माही चूक आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"पाणी टाकू नका हे म्या शिकवलं या दोघींले. मी उघड्या वाळूवर भाजते, तिथं राख उडाली तं उडाली. कुडाजवळ ते चालत नाही, हे मले समजायले पायजे होतं. आणि दुसरं." इथे ती थांबली. उर्मिलाबाई सौंसरला आपल्या घरी होत्या, धुराची गोष्ट इथे कोणालाच ठाऊक नव्हती. न बोलता घरी जाता आलं असतं. "काल धूर म्या पाहिला होता. बारा वाजता. मले वाटलं दामिनीनं मंगळवारीही भट्टी लावली. म्हणून मी पाठ करून बसली."

"किती वेळ?" दामिनीनं विचारलं.

"पाऊण तास."

दामिनी ओट्यावरून उठली. "पाऊण तास," ती म्हणाली. "समोर नदी होती, काकी. अर्धं हॉटेल वाचलं असतं."

"हाव."

"मी सात वर्षं मंगळवारी दार उघडलं नाही. एकदा नाही."

"हाव."

"जा तुम्ही आता," दामिनी म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर गावानं काय काय म्हटलं ते लिहीत बसण्यात अर्थ नाही. गाव म्हणतंच. डिंपलचं नाव मात्र कोणी पुन्हा काढलं नाही. राजूनं बायकोची माफी मागितली की नाही ते माहीत नाही, पण त्या रात्री भाकरी त्यानं स्वतः वाढून घेतली. डिंपलनं सासूच्या ताटात तूप जरा जास्त वाढलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही बोलल्या नसत्या तं कोणाले समजलं नसतं."

"तेच तं," देवकाबाई म्हणाली. "गप जेव आता."

दामिनीनं तीन दिवस तोंड दाखवलं नाही. गोवऱ्यावाल्या बाया रिकाम्या बसल्या होत्या. गुणवंता जळक्या खांबाशी नारळाचं पोतं घेऊन बसायचा, पण हॉटेल जळलं ही बातमी पसरली होती, काठावर गाडी थांबत नव्हती. चैतातले नवस दुसऱ्या देवळांकडे वळू लागले होते.

चौथ्या दिवशी देवकाबाईच्या फोनवर पांढुर्ण्याहून श्रीकांतभाऊ बोलले. कपड्याचं दुकान असलेले. नातवाच्या नवसाची पुढच्या रविवारची पंगत, दोनशे माणसं. "दामिनीताईकडे बुकिंग होतं. त्यांनीच तुमचा नंबर दिला. म्हणाल्या, काकीसारखे रोडगे कन्हानवर कोणी करत नाही."

सात वर्षं देवकाबाईनं याच फोनची वाट पाहिली होती. दोनशे माणसांची पंगत, आणि ती तिला. पण त्यापेक्षा दामिनी भांडली असती तर बरं होतं. शिव्या दिल्या असत्या तर फेडल्या असत्या. हे असं दुरून पंगत पाठवायचं म्हणजे काय? यातही हीच पुढे.

तिनं चपला घातल्या आणि दामिनीच्या अंगणात गेली. दामिनी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"दोनशे माणसांचे रोडगे मी एकटी थापू?"

"डिंपल आहे. अलकाले घ्या."

"अलकाले गोवऱ्या थापता येते. चाल तू."

"मले राग आहे तुमचा, काकी. गेला नाही अजून."

"जाऊ नको देऊ. रागानं कणीक चांगली मळल्या जाते. पण खुर्च्या भाड्यानं तूच सांग, मले त्या फोनवाल्यांशी बोलता येत नाही. आणि तो आरसा आण."

"तडकला तो."

"असू दे. लोकं तोंडच पाहतीन ना, तडा कायले पाहतीन?"

दामिनी हसली नाही. पण तांदळाचं सूप तिनं बाजूला ठेवलं.

रविवारी काठावर तीन लांब खड्डे पेटले. आठ घरच्या बायांनी घराघरातून, गोठ्यागोठ्यातून उरल्यासुरल्या गोवऱ्या गोळा करून आणल्या. दामिनी आणि देवकाबाई समोरासमोर बसून गोळे करत होत्या आणि एकमेकींच्या परातीकडे तिरप्या नजरेनं पाहत होत्या. दामिनीचा हात भरभर चालायचा. देवकाबाईचे गोळे एकसारखे व्हायचे. दोघींनाही ते दिसत होतं, बोलत कोणीच नव्हतं. पंगत बसली. श्रीकांतभाऊ दोनदा म्हणाले, "वा, दामिनीताई." देवकाबाईनं दोन्ही वेळा ऐकलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "देवकाबाई, रोडगा घ्या ना इकडे," तेव्हा तिनं त्यांना तूप जास्त ओतलं.

ऊन उतरलं, गाड्या गेल्या. खड्ड्यांमध्ये निखारे लाल होते. गुणवंता रीतीप्रमाणे राख ओढायला फावडं घेऊन आला.

"राहू दे," देवकाबाई म्हणाली. ती वाळूतून धारेपर्यंत गेली आणि घागर भरून आणली.

"देवाचा इस्तव आहे," गुणवंता म्हणाला. "इतकी वर्षं तूच सांगून राहिली."

"देवाले म्या सांगतलं आहे. सरक."

तिनं घागर ओतली. सू करून वाफ वर आली, राखेचा ओला वास पसरला. आयुष्यात पहिल्यांदाच करत होती. दुसऱ्या खड्ड्यापाशी दामिनी बादली घेऊन उभी होती. तिनंही ओतली, आणि काठीनं उलथून पाहिलं, कुठे लाल उरलंय का.

तिसरा खड्डा उरला. दामिनी बादली घेऊन धारेकडे निघाली. देवकाबाईनं ते पाहिलं. मग घागर तिथेच टाकून तिनं जवळ पडलेली अलकाची मोठी पत्र्याची बादली उचलली आणि दामिनीच्या पुढे निघाली, जवळजवळ धावत.