मागून हाक मारायची नाही

आमच्या इटलीच्या सहलीत प्रत्येकाकडे एकेक काम होतं. माझ्याकडे काळजी होती.

हे मी विनोदानं म्हणत नाही. आयर्लंडमधल्या आमच्या मलिंगार गावात, आमच्या स्वयंपाकघरात चहा घेता घेता शेजारच्या केदारभावजींनी कामं रीतसर वाटून दिली. हॉटेलं आणि पहिली गाडी त्यांच्याकडे. काय काय बघायचं ते त्यांच्या बायकोकडे, म्हणजे अनघाकडे. दुसरी गाडी आमच्या ह्यांच्याकडे. (एकाच गाडीत मावलो असतो, पण माझा कूकर, पोळपाट आणि भाजणीचे डबे बघून केदारभावजींनी आपण होऊन दुसरी गाडी घेतली.) त्यांची सात वर्षांची ओवी, तिच्याकडे भूक लागण्याचं काम. उरले मी.

"वहिनी, पासपोर्ट तुमच्याकडे."

"माझ्याकडे? नको हो! नववीतून शाळा सोडलेली बाई मी!"

"पासपोर्ट सांभाळायला परीक्षा नसते, काळजी लागते. ती अख्ख्या आयर्लंडमध्ये तुमच्याएवढी कुणाकडे नाही."

यात खोटं काही नव्हतं. बाहेर पडलं की 'गॅस बंद केला का' म्हणून मी अर्ध्या रस्त्यातून परत येते. आणि आमच्याकडे गॅसच नाही! विजेची शेगडी आहे. तरी परत येते, उघड्या डोळ्यांनी गॅस नाही याची खात्री करते, आणि मग शांतपणे खिडक्यांची काळजी करायला लागते.

पण 'नाही' म्हणायला जीभ रेटेना, कारण विचारणारी माणसं ती होती. आमचे हे इथं हॉस्पिटलात नर्स म्हणून आले (हो, पुरुष नर्स असतात, आमच्या गावाला हे अजून पटलेलं नाही) आणि मागोमाग मी. पहिला हिवाळा मी पडद्याआडून रस्ता बघण्यात घालवला. दार वाजलं की मी न्हाणीघरात! पोस्टमन 'हाऊ आर यू' म्हणाला की मला घाम. अनघानंच मला हाताला धरून बाहेर काढलं. "मंगलताई, काही कळलं नाही तरी 'ग्रँड' म्हणायचं. इथं सगळ्याला तेच उत्तर चालतं." खरंच चाललं! मग तिनंच माझ्या पोळ्या डब्लिनच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचवल्या आणि बघता बघता माझा डब्यांचा व्यवसाय उभा राहिला. त्या बाईनं मला पासपोर्ट काय, केदारभावजींचा हात धरून इटली फिरवा म्हटलं असतं तरी मी फिरवलं असतं.

तर पाच पासपोर्ट, आयर्लंडमध्ये राहायची आमची कार्डं, सगळं एका लांब पट्ट्याच्या काळ्या बॅगेत, बॅग माझ्या गळ्यात, वर स्वेटर, वर कोट. मी ती घालून जेवले, ती घालून झोपले. आंघोळीच्या वेळी नळाला टांगून तिच्याकडे बघत आंघोळ केली. फ्लॉरेन्सला सगळे मान वर करून घुमट बघत होते. मी मान खाली घालून पोट चाचपत होते. पिसाच्या मनोऱ्यापुढं ओवीनं माझा फोटो काढला, त्यात मनोरा सरळ आणि मी वाकडी आले आहे.

आणि एवढं करून माझं समाधान होत नव्हतं म्हणून मी नियम केले. परका मुलूख, उजव्या बाजूनं गाड्या, काही झालं म्हणजे? रोज निघताना प्रत्येकाच्या हातावर दही-साखर. ती खाल्ली की थेट गाडीत. 'कुठं' असं विचारायचं नाही, कामाला खोडा बसतो. मागं वळून बघायचं नाही. आणि मागून हाक तर कुणी कुणाला मारायचीच नाही! केव्हापर्यंत? आमच्याकडे पहिल्या वळणापर्यंत म्हणतात. इटलीच्या हमरस्त्यांना वळणंच नाहीत, म्हणून मी ते 'पहिल्या टोलनाक्यापर्यंत' असं सुधारून दिलं होतं.

"बट व्हाय, काकू?" ओवी.

"कारण मारत नाहीत."

"ग्रँड," ओवी म्हणाली. (शिकवण आईची!)

केदारभावजी थट्टा करायचे, पण माझ्यासाठी सगळं पाळायचे. दह्याचा हात पुसून, मान ताठ ठेवून, नवरदेवासारखे गाडीत बसायचे. मला भरून यायचं.

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी रोमहून डब्लिनचं विमान. सोमवारी सकाळी अनघाला डब्लिनजवळच्या चेरीवूडमधल्या नव्या नोकरीवर हजर व्हायचं होतं. ही नोकरी तिला किती मुलाखतींनी मिळाली होती ते मला माहीत होतं. प्रत्येक मुलाखतीला मीच तिला दही दिलं होतं. वाटेत हमरस्त्याकडेच्या एका पंपावर आम्ही थांबलो. हे कॉफी आणायला गेले. मी म्हटलं, आता विमानतळासाठी निघायचं, म्हणजे महत्त्वाचं निघणं, दही हवंच. आतल्या दुकानातून एक डबी आणली. वरचा कागद ओढला तर तो निघेना. जोर लावला आणि फस्स! अर्धं दही माझ्या कोटावर. (वर ते व्हॅनिलाचं निघालं.)

"अगं बाई, पासपोर्ट!" मी किंचाळले. क्षणात बॅग गळ्यातून काढली आणि दह्यापासून दूर, उंच, सगळ्यांना दिसेल अशा सुरक्षित जागी ठेवली. केदारभावजींच्या गाडीच्या टपावर.

मग उरलेलं दही तिघांच्या हातावर दिलं. ओवीनं दोनदा घेतलं.

"व्हॅनिलानं चालतं का, वहिनी?"

"देव भाव बघतो. निघा आता, मागं बघू नका."

निघाले! मी कोट पुसत समाधानानं बघत राहिले. गाडी छान वळली, छान निघाली, आणि तिच्या टपावर एक छान काळी बॅग होती.

पुढचं जे झालं ते मला अजून झोपेत दिसतं. मी धावले. तोंड उघडलं, 'केदा' एवढं ओठांवर आलंही आणि तिथंच राहिलं. मागून हाक! विमानाला निघालेल्या माणसांना! अनघाच्या नोकरीच्या तोंडावर! मी तोंड मिटलं आणि मुक्यानं धावले. दोन्ही हात वर करून, व्हॅनिलाचा कोट फडफडवत, टपाकडे बोटं दाखवत. मागच्या काचेतून ओवीनं मला बघितलं. तिचा चेहरा उजळला. तिनं दोन्ही हातांनी टाटा केला. मी आणखी जोरानं हात हलवले. तिनंही आणखी जोरानं हलवले! बाजूला ट्रकमध्ये डबा खात बसलेल्या एका बाप्यानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

गाडी हमरस्त्याला लागली. हे दोन कॉफ्या घेऊन आले.

"काय गं? काय झालं?"

"बॅग गेली."

"कुणी नेली?"

"केदारभावजींनी. टपावर."

"टपावर? आणि तू बघत होतीस? मग हाक का नाही मारलीस?"

मी कोटावरचं दही पुसायला लागले.

"मंगल, हाक का नाही मारलीस?"

"मागून हाक मारत नाहीत."

ह्यांनी दोन्ही कॉफ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. भरलेल्या.

"फोन करतो मी."

"थांबा! फोन म्हणजेसुद्धा मागून हाकच की हो!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हॉस्पिटलात भूल उतरताना बडबडणाऱ्या पेशंटकडे बघत असतील तसं. मग अनघाला फोन लावला. कट झाला. पुन्हा लावला. पुन्हा कट. मग तिचा मेसेज आला: 'दिलीपदादा, मंगलताईंचा नियम! टोलनाक्यानंतर बोलू.' ह्यांनी उलट मेसेज टाकला, पण तिनं फोन पर्समध्ये टाकला असावा, मेसेज वाचल्याची निळी खूण काही येईना. कट करताना ती हसत असेल, 'ताईंना बरं वाटेल' म्हणत असेल, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसत होतं. माझं एवढं कधी माझ्या सासरीही कुणी ऐकलं नव्हतं!

आम्ही गाडीत बसलो.

"जोरात चालवा!"

"आठवडाभर कानाशी 'हळू, हळू' चाललं होतं ते?"

"ते विसरा! जोरात! अहो, एवढं जोरात नको, मला कडेला बॅग शोधायचीय! हळू! ती बघा, ती बघा, काळं काहीतरी!"

"कावळा आहे तो."

"पण काळा होता!"

"मंगल, कावळे काळेच असतात. रडू नकोस."

रडू नको तर काय करू? एकीकडे डोळे रस्त्याच्या कडेला आणि दुसरीकडे डोक्यात सगळं पुढचं दिसत होतं. रोमच्या पोलिसांपुढे आम्ही पाच जण रांगेनं उभे. पासपोर्ट कुठं आहेत, बाई? टपावर ठेवले, साहेब, आणि दही देऊन रवाना केले. विमान गेलं. सोमवार गेला. चेरीवूडला अनघाच्या रिकाम्या खुर्चीभोवती माणसं उभी. 'कुठं आहे ती?' 'इटलीत. तिच्या शेजारणीला एकच काम दिलं होतं.' जिनं मला दाराबाहेर काढलं तिला मी देशाबाहेर ठेवलं! मलिंगारमध्ये तोंड कुठं दाखवू? मी मनातल्या मनात सामान बांधलं, गावी परतले, आणि तेवढ्यात लक्षात आलं की परतायलाही पासपोर्ट लागतो.

"अहो, आपल्याला आता कुठंच जाता येणार नाही."

"टोलनाक्यापर्यंत तरी जाऊ दे."

टोलनाका यायच्या आधीच, रस्त्याकडेच्या थांबायच्या जागेत, आम्हाला ती गाडी दिसली. बॉनेट उघडं. केदारभावजी गाडीतलं सुरक्षेचं पिवळं जाकीट घालून इंजिनात डोकं घालून उभे. अनघा पिवळं जाकीट घालून त्यांच्याकडे संशयानं बघत उभी. ओवी कठड्यापलीकडे बिस्किट खात होती. टपावर काहीही नव्हतं.

मी गाडीतून उतरले ती जवळजवळ रांगतच.

"बरं झालं आलात!" केदारभावजी इंजिनातून म्हणाले. "पंपावरून निघाल्यापासून धाड धाड धाड आवाज येतोय. मी गाडी तीनदा बंद करून चालू केली." (ते कॉम्प्युटरवाले आहेत.)

"अनघा," मी म्हटलं, "मला मार. आधी मार, मग सांगते."

"ताई, काय झालं? अंगाला कसला वास येतोय? व्हॅनिला?"

"पासपोर्ट..." एवढंच आलं तोंडातून. तिचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात गाडीच्या पलीकडच्या बाजूनं ह्यांचा आवाज आला, "केदार, इंजिन बंद कर. धाड धाड सापडलं."

आम्ही पलीकडे धावलो. बॅगेचा पट्टा मागच्या दारात गच्च अडकला होता आणि बॅग बाहेर लोंबत होती. दार लावताना टपावरून लोंबणारा पट्टा आत सापडला असणार! धूळ खाल्लेली, रंग उडालेली, हमरस्त्यावर सारखी आपटत आलेली बॅग. चेन मात्र बंद. मी ती छातीशी धरून खालीच बसले. मोजले. पुन्हा मोजले. पाचही होते!

"ओह, ती?" ओवी बिस्किट संपवत म्हणाली. "शी वॉज नॉकिंग ऑन माय विंडो द होल टाइम."

"मग सांगितलं का नाहीस, बाळा?" अनघा ओरडली.

"काकू सेड नो कॉलिंग फ्रॉम बिहाइंड! आय वॉज बिहाइंड!"

केदारभावजींनी बॉनेट लावलं. मग अगदी मृदू आवाजात विचारलं, "वहिनी, पण तुम्ही बघितलं होतं ना? मग हाक का..."

"विचारू नकोस," हे म्हणाले.

पण मी सांगितलं. सगळं. मुक्यानं धावले तेही. अनघा आधी ऐकत राहिली, मग कठड्याला टेकली, मग तोंडावर ओढणी धरून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मला वाटलं होतं ती चिडेल. ती चिडली असती तर मला जरा बरं वाटलं असतं.

विमानतळावर मी बॅग तिच्यापुढे धरली. "तूच ठेव आता. माझी लायकी नाही."

"अजिबात नाही. काळजीचं खातं तुमचं आहे, मंगलताई." पट्टा घासून अर्धा तुटला होता. तिनं त्याला आपली ओढणी घट्ट बांधली आणि बॅग स्वतःच्या हातानं माझ्या गळ्यात घातली.

काय सांगू! एवढं होऊनही या बाईचा माझ्यावर विश्वास! मी मान ताठ करून रोमच्या विमानतळावर चालले. तपासणीच्या रांगेपर्यंत चालले. तिथं माझी मान मागं खेचली गेली म्हणून वळून पाहिलं, तर ओढणीचं दुसरं टोक अनघाच्या मनगटाला होतं, दोन गाठी मारून.

बाजाराला निघालेल्या शेळीसारखी तशीच तिच्यापुढे विमानात चढले. आणि आयर्लंडला आल्यापासून पहिल्यांदाच, पूर्ण तीन तास, मला कसलीही काळजी वाटली नाही.