कुत्रे कसे राहतात ते पाहणारे आम्ही तिघं

गाई-म्हशींच्या दवाखान्यात माझी बावीस वर्षं गेली. पण लग्नात पंगतीला बसलो की लोक मला गाईंबद्दल कधी विचारत नाहीत. कुत्र्यांची पिल्लं विकणारे लोक कुत्री नीट ठेवतात की नाही, हे पाहायचं काम आमच्याकडे आलं आणि तेव्हापासून किस्से असे साचलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसराच आधी तोंडात येतो.

आम्ही तिघं. डॉक्टर मॅडम मूळच्या साताऱ्याकडच्या, कमी बोलणाऱ्या. आमचा ड्रायव्हर शंकरभाऊ, सगळ्यांच्या वाटचं बोलणारा. आणि मी, फॉर्म भरणारा. जागा, उजेड, हवा, पाणी, व्यायाम, सगळं पाहायचं आणि लिहायचं.

*

पहिली तपासणी बपेऱ्याला. आम्ही येणार हे मालकाला कळलं होतं, म्हणून त्यानं आदल्या दिवशी पिंजऱ्यांच्या भिंतींना गुलाबी ऑइलपेंट मारून घेतला. तो काही सुकला नव्हता. पांढरी लॅब्राडोर कुत्री शेपूट हलवत बाहेर आली, ती अंगावर गुलाबी रंगाचा पट्टा ओढूनच.

"सफाई पाहा मॅडम," मालक म्हणाला. "दवाखान्यावानी ठेवलं."

मॅडमनी कुत्रीला एका बाजूनं पाहिलं, मग वळून दुसऱ्या बाजूनं. मी टेप आणायला जीपकडे निघालो, तर म्हणाल्या, "राहू द्या. पट्टा दोन्ही अंगांना आहे. म्हणजे तिला आत धड वळताही येत नाही. जागा अपुरी, लिहा."

मालकानं भिंतीकडे पाहिलं, मग कुत्रीकडे.

"मंग मी पांढरा माराले पाहिजे होता," तो म्हणाला.

*

कोंढ्याला गेलो तो मे महिना. जीपच्या दाराला हात लावता येत नव्हता. तिथल्या मालकाची खोली मात्र अशी, की आम्हालाच बाहेर यावंसं वाटेना. खाली टाइल्स, खिडकीला पडदा, मोठा कूलर, वर इन्व्हर्टर. दोन जर्मन शेफर्ड पाय ताणून झोपलेले. आणि त्यांच्या शेजारी खाटेवर एक म्हातारा, तोही झोपलेला.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

"माहे वडील," मालक म्हणाला. "उन्हाळाभर इथंच राहतात."

म्हातारा उठून बसला. "घरातला कूलर यानं कुत्र्यायले लावला," तो शांतपणे म्हणाला. "मी म्हटलं, बाबू, मी मरून राहिलो ना गरमीनं. तर म्हने, बाबा, तुमीच तिकडे जा. आता मले बरं आहे."

एका खोलीत किती, असा प्रश्न होता. मी दोन लिहून थांबलो. शंकरभाऊ मागून म्हणाला, "तीन करा."

मॅडमनी शेरा दिला, राहण्याची सोय उत्तम. म्हाताऱ्यानं त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून मागितला. सासऱ्यानं घरात परत यावं म्हणून सून रोज भांडत होती, तिला दाखवायला.

*

दिघोरीचा मालक म्हणाला, "आपल्याकडे चारच कुत्रे."

शेडमध्ये खरंच चार होते. पण अंगणात वाट्या पालथ्या घातलेल्या, त्या पंधरा. शंकरभाऊनं एक वाटी उचलली आणि चमच्यानं तिच्यावर टकटक केलं.

शेजारच्या फाटकातून दोन कुत्री आली. समोरच्या घरातून तीन. धानाच्या तणसाच्या ढिगामागून एक आली, गळ्यात तुटलेली दोरी. मग आणखी पाच इकडून तिकडून. बाहेरून आलेले एकूण अकरा. प्रत्येक आपापल्या वाटीमागे ओळीनं बसला.

"हे शेजाऱ्यायचे," मालक म्हणाला.

"मग ते तुमच्या अंगणात असे ओळीनं का बसले?"

त्यानं ओळीवरून एक नजर फिरवली. "शेजारी चांगले आहेत, मॅडम. शिस्त लावतात."

*

पवनीकडच्या एका मालकानं व्यायामाच्या प्रश्नावर सांगितलं, "रोज बोडीवर फिरवतो." बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं, ते तिथून दिसत होतं.

मॅडम म्हणाल्या, "चला, मीही येते."

पिंजरा उघडला. मोठा तांबडा कुत्रा उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. पुढे गवत होतं. त्यानं एक पाय गवतावर ठेवला, झटकन मागे घेतला आणि पाय चाटू लागला. त्यानं गवत कधी पाहिलंच नव्हतं.

मालकाला आमचे चेहरे दिसले. त्यानं कुत्रा उचलून खांद्यावर घेतला, पार बोडीपर्यंत गेला आणि घामाघूम होऊन परत आला.

"रोज असंच नेतो," तो म्हणाला.

*

मोहाडीच्या बाजूची एक जागा मात्र हसण्यासारखी नव्हती. ओली फरशी, हिरवं पाणी, पायांना जखमा झालेली नऊ कुत्री. मॅडमनी ती जागा त्याच दिवशी बंद करवली.

कुत्री ठेवायची कुठे? दुसरी जागा नव्हती, म्हणून आमच्याच ऑफिसात आणली. तीन आठवडे ती आमच्या टेबलांखाली राहिली. जखमा भरल्या. एक काळी कुत्री माझ्या चपलेवर डोकं ठेवल्याशिवाय झोपेना.

मग वरून पत्र आलं. कुत्री सध्या जिथे आहेत त्या जागेची तपासणी करून अहवाल पाठवा. तपासणारे आम्हीच तिघं.

"पास लिहून टाका, मॅडम," शंकरभाऊ म्हणाला. "आपलंच आहे."

मॅडमनी टेप मागवली. आधी खोली मोजली. खिडकी उघडून पाहिली, ती उघडत नव्हती. भिंतीच्या ओलीवर हात फिरवला, छताकडे पाहिलं, एकुलती एक ट्यूब चालू-बंद केली. मग खुर्चीत बसून मला एकेक सांगत गेल्या. उजेड अपुरा. हवा नाही. ओल आहे. छत गळतं. हालचालीला जागा नाही. जास्त दिवस राहिल्यास तब्येतीवर परिणाम होईल.

शेवटी शेरा: राहण्यास अयोग्य. तातडीनं हलवावे.

दुसऱ्या दिवशी नऊही कुत्री लाखनीकडच्या एका बाईंच्या आमराईत गेली. मोठी शेड, सावली, पळायला जागा. काळी कुत्री जीपमधून उतरली आणि मागे वळूनही न पाहता धावत सुटली.

आम्ही ऑफिसात परतलो. मॅडमनी ट्यूब लावली, आम्ही आपापल्या टेबलांशी बसलो. शंकरभाऊ दारातच उभा होता.

"मॅडम," तो म्हणाला, "आनं आपन?"

मॅडमनी अहवालाचा कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हा फॉर्म फक्त कुत्र्यांसाठी आहे," त्या म्हणाल्या.