क्रुसाचा वाटा

बस्त्यावला कोणी तहानेला पाणी दिलं तरी तो आधी तांब्यात डोकावून बघायचा. हातखंब्याच्या रस्त्यालगतच्या त्या वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आंब्याच्या पेट्या ठोकून घेताना सुताराच्या खिळ्यांवर त्याची नजर, पेंढा भरणाऱ्या बायकांच्या ओच्यावर त्याची नजर. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटले तरी एक डोळा किलकिला, कारण छत्री बाहेर ठेवलेली असायची.

अशा माणसाच्या नशिबी भाऊ आला तो इनाससारखा.

इनास बरीच वर्षं परदेशी बोटींवर कुक होता. एशियाडच्या वर्षी आईने अंथरूण धरलं आणि तो कायमचा परत आला. बस्त्याव त्याच्या ट्रंका आणायला बैलगाडी जुंपून एसटीच्या थांब्यावर गेला. इनास उतरला तो खांद्याला एक कापडी पिशवी अडकवून.

“सामान मागनं येतंय काय रे?”

“हेच सामान, दादा.”

रिकामी बैलगाडी खडखडत घरी आली. सबंध वाटेत बस्त्याव त्या पिशवीकडे बघत होता. घरी आल्यावर बायकोच्या कानात म्हणाला, “माल कुठंतरी दडवून ठेवलान त्यानं. तू बघच.”

जेवताना इनासने आपणहून सांगितलं. त्याच्या बोटीला भर समुद्रात आग लागली होती. सगळे वर धावले. त्याचा एक सोबती ट्रंक आणायला म्हणून परत खाली गेला, तो वर आलाच नाही. “मी रिकाम्या हातानं वर आलो, म्हणून जगलो,” इनास म्हणाला. “देवानं वाचवलान, तर आता हात रिकामेच बरे. जोडायला मोकळे राहतात.” मागची सगळी कमाई तो त्या सोबत्याच्या बायकोला देऊन आला होता.

बायकोने डोळ्यांना पदर लावला. बस्त्यावने मात्र मनात निराळाच हिशोब मांडला. परक्याच्या बायकोला कोणी सगळी कमाई देतं होय? मेलेल्याची ट्रंक ह्यानेच ढापली असणार!

आई शेवटच्या दिवसांत इनासच्याच कानाशी पुटपुटायची. शेजारपाजारचे म्हणत, म्हातारी देवाचं नाव घेत्येय. बस्त्याव दाराआड उभा राहून कान टवकारी, पण शब्द काही लागत नसे. आई गेली आणि ते पुटपुटणं त्याच्या डोक्यात कुसळासारखं रुतून राहिलं.

नाताळ उलटल्यावर वाटणीची बैठक बसली. शेजारचे बागायतदार भास्करराव पंच म्हणून आले. तिथली रीत अशी, की थोरल्याने वाटे घालायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. त्यामुळे वाटे घालणाऱ्याचा हात सरळ राहतो. पण बस्त्यावला हापूसची बाग हवी होती. म्हणून एका वाट्यात त्याने नुसती बाग ठेवली, आणि दुसऱ्यात घर, गाय, काजूचा उतार, आईची सोन्याची साखळीसुद्धा घातली. धाकटा पाघळलाच पाहिजे.

इनासने दोन्ही वाटे ऐकून घेतले. “आणि वरचा क्रूस कुणाच्या वाट्यात?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. घरामागच्या कातळावर आज्याने बांधलेला चिऱ्याचा क्रूस होता. दर मे महिन्यात तिथे लादाईन व्हायची, सगळी वाडी जमून प्रार्थना आळवायची आणि उकडलेले चणे खाऊन घरी जायची. बस्त्यावने गायीचं दावंसुद्धा वाट्यात धरलं होतं, पण क्रूस विसरला होता.

“तो कोण वाट्यात घालतो?” तो म्हणाला.

“मग तो मला दे, नि बाजूला खोपटापुरता कातळ. दोन्ही वाटे तुझे.”

दुसरा कोणी असता तर उडीच मारली असती. बस्त्याव मात्र इनासचा चेहरा न्याहाळायला लागला. ज्या कातळावर गवत धड उगवत नाही, तो मागतो? बाग सोडून? म्हणजे आज्याने क्रुसाखाली काहीतरी पुरलंय, आणि आईने मरताना ते ह्यालाच सांगितलं!

“क्रूस माझा,” तो ओरडला. “बाग तू घे!”

भास्करराव आ वासून बघत राहिले. इनासचा चेहरा एकदम पडला. बस्त्यावला वाटलं, चोर सापडला.

“बरं,” इनास हळूच म्हणाला. “सांजेला तिथं बसू देशील ना?”

पुढच्याच रविवारी इनास मिससाठी रत्नागिरीच्या चर्चमध्ये गेला. बस्त्याव पोटात दुखतंय म्हणून घरी राहिला आणि पहार घेऊन कातळावर चढला. घाम गाळून त्याने पायथ्याशी चांगला खड्डा पाडला. खाली चिरा, चिऱ्याखाली चिराच. हट्टाने पहार आणखी आत घातली तेव्हा अख्खा क्रूस कलंडला आणि त्याचा एक हात मोडून पडला.

तेवढ्यात इनास चढण चढून आला. बस्त्याव गुडघाभर खड्ड्यात उभा होता. आता शिव्या देईल, वाडी गोळा करील, म्हणून त्याने पहार घट्ट धरली.

इनासने मोडलेला तुकडा उचलला आणि सदऱ्याने त्याची माती पुसली. मग खड्ड्याकडे आला.

“तुला लागलं नाय ना, दादा?”

बस्त्यावच्या हातातली पहार गळाली. “खरं सांग,” तो म्हणाला, “आईनं तुला काय सांगितलान?”

“दादाला सांभाळ, म्हणाली. त्याला सगळ्यांचीच भीती वाटते, म्हणाली.”

तेवढा राठ माणूस, पण त्या खड्ड्यात बसून पोरासारखा रडला. इनास काठावर बसून राहिला. मग म्हणाला, “आता तरी बदली करूया. बाग तू घे, मोडका क्रूस मला दे.” ह्या खेपेला बस्त्यावने का म्हणून विचारलं नाही.

मे महिन्यात लादाईन झाली. सिमेंटने जोडलेला क्रुसाचा हात जरा वाकडाच बसला होता. चण्यांबरोबर बस्त्यावने हापूसच्या पेट्या फोडल्या आणि येईल त्याच्या हातावर आंबा ठेवायला लागला. लोक कुजबुजायला लागले. भास्कररावांनी तर आंबा उलटासुलटा केला, देठाशी हुंगला आणि डोळे बारीक केले.

“काय रे बस्त्याव, आतून खराब झालेला माल खपवतोयस की काय? नाहीतर तू, आणि फुकट?”

बस्त्यावच्या तोंडाशी शिवी आली. पण समोर इनास चणे वाटत होता. आपण ह्या भावाला इतके दिवस असंच उलटंसुलटं करून हुंगत होतो, हे त्याला तेव्हा कळलं, आणि त्याला फार लाज वाटली. त्याने कमरेचा चाकू काढून भास्कररावांपुढे धरला.

“कापून बघा,” तो म्हणाला. “मी हाय हितंच.”